कोलियसचे तुरे

नाही, नाही, तुम्ही बॅटरी मारूनच बघा. वरवर बघून जाल, उद्या पुन्हा कुणी फोन केला की पुन्हा एवढे जिने चढून याल — लिफ्ट बंद आहे ना. बघा की. त्या हॉर्लिक्सच्या बाटलीत बघा, मग ती लोणच्याची, मग ते काचेचे पेले. डासाची अळी दिसली तर मला दाखवा, मी स्वतः नेऊन मोरीत ओतते. रोज सकाळी पाणी बदलते मी. रोज. आता बोटं वळत नाहीत म्हणून बाटली अशी दोन्ही तळव्यांत दाबून उचलावी लागते, पण बदलते. कुंड्यांखालच्या बशा तर काढूनच टाकल्यात, पेपरच्या घड्या घालते ओल टिपायला. नाही ना दिसली? मग झालं. बसा जरा. तुम्ही उभे राहिलात की मलाही उभं राहावं लागतं, आणि माझे गुडघे — मला होऊन गेला हो चिकुनगुन्या. नवरात्राच्या आधी. ताप दोन-तीन दिवसांत पळाला, पण सांधे धरले ते धरलेच. आता मार्गळी लागली, म्हणजे आपला धनुर्मास, खाली दारोदार रांगोळ्या निघायला लागल्या, तरी सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही घरोघर हेच ऐकत फिरत असाल.

पण तुम्ही मराठी निघालात हे किती बरं झालं! दारात तमिळमध्ये सुरू केलंत तेव्हा म्हटलं, आता करा हातवारे. मग कॉर्पोरेशनच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं — एकोजी राव. म्हटलं, हे नाव तर आपल्यातलं. तंजावरचे ना तुम्ही लोक? तुमचं मराठी जुन्या पोथीतल्यासारखं वाटतं, चाल तमिळ, पण कळतं हो सगळं. माझं कळतंय ना? हळू बोलू? बरं. तुम्हाला सांगते, ह्या घरात दिवसा मराठी बोलायला भिंतींशिवाय कुणी नाही. मुलगा अमोघ आणि सून ऋजुता, दोघंही कॉम्प्युटरवाले, सकाळी कंपनीची बस आली की पळाले. नात आहे, ऊर्मी — ती शाळेतून येते तीच तमिळ बोलत, नाहीतर इंग्रजी. मला कधी आजी म्हणते, कधी पाट्टी. मी दोन्हीला ओ देते. न देऊन सांगते कुणाला!

आम्ही मूळचे खडकीचे. हे — अनंतराव, आमचे हे — दारूगोळ्याच्या कारखान्यात होते तिकडे, मग आवडीला बदली झाली, रणगाड्यांच्या फॅक्टरीत. आवडी! गावाचं नाव ऐकून मी हसले होते, म्हटलं, ज्या गावाचं नावच आवडी ते आवडेलच. कॉलनीत सगळे आपलेच, मराठी, हिंदी — त्यामुळे तमिळ काही अंगी लागलं नाही. 'किती', 'द्या', 'नको', 'उद्या या'. एवढ्यावर जन्म गेला की हो माझा मद्रासमध्ये. मग हे गेले, आणि मुलानं मला इकडे आणलं, गिंडीजवळ बरं पडतं त्याला. चांगलं घर आहे. नाही म्हणू नये. तिसऱ्या मजल्यावर वारा येतो. एनोरकडे, त्या कोळशाच्या वीजकेंद्राजवळ, आमच्या ओळखीचे एक आहेत, ते बिचारे कपडे वाळत घालतात तर राख बसते त्यांवर.

हे होय? हे कोलियस. नर्सरीवाले तेच म्हणतात. आपल्या पानओव्याच्या जातीतलं — तुमचं ते कर्पूरवल्ली, खोकल्याला देतात ते — त्याची ही नटवी बहीण समजा. दांडा हातात घेऊन बघा, चौकोनी लागतो. लागला ना? आता रंग बघा. हे मधे डाळिंबी आणि कडेला पोपटी, हे सगळंच गुलाबी, आणि हे — ह्याला मी पैठणी म्हणते, ह्याचा रंग मला अजून नीट सांगता आलेला नाही. ऊन कडक लागलं की रंग उडतो, अजिबात नाही मिळालं की पान नुसतं हिरवट होऊन बसतं, आणि मद्रासचं ऊन तर तुम्हाला ठाऊक — म्हणून हा पडदा. सकाळचं कोवळं ऊन घ्यायचं आणि पडदा ओढायचा. दुपारी माना टाकतात, आता मेलंच असं वाटतं, पाणी घातलं की घटकेत उभं. नाटकी झाड आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे तुरे. शेंड्याला असा निळसर तुरा येतो, तो येऊ द्यायचा नाही. दिसला की नखानं खुडायचा. तुरा राहिला तर झाडाचा सगळा जीव त्या बारीकशा फुलांत जातो, पानं लहान होतात, दांडा लाकूड होतो, आणि मग झाड संपतं. म्हणूनच ह्या बाटल्या, कळलं ना? जुनं झाड दांडकं व्हायच्या आत शेंडे कापायचे, पाण्यात ठेवायचे, आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात, मग मातीत. तेवढ्यासाठी पाणी ठेवावं लागतं, डास पाळायला नाही. हे त्या वादिराजना सांगा — दुसऱ्या मजल्यावरचे, असोसिएशनचे सेक्रेटरी. त्यांनीच केली असणार तक्रार. मी आजारी होते तेव्हा पाणी राहिलं असेल एक-दोनदा, खोटं का बोलू? पण तोवर अख्खी बिल्डिंग आडवी झाली होती हो! आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण मोडलंय, ते कोण बघणार?

कुणी शिकवलं म्हणजे? मीच शिकवलं. म्हणजे — झाडं त्यांची, शिकवलं मी. गुरुमूर्ती सार, खाली पहिल्या मजल्यावर राहतात. तुम्ही गेला असाल की त्यांच्याकडे, दाराशी कुंड्यांची रांग आहे ते. गिंडीला पंपांचे सुटे भाग करायच्या कारखान्यात होते, रिटायर झाले आणि लगेच बायको गेली. झाडं तिची. मी देवळात जाता-येता बघायची, तर झाडांना कमरेएवढे दांडे, खाली पान नाही आणि वर हेऽ तुरे. आणि हा माणूस खुर्ची टाकून कौतुकानं बघत बसलेला! मी दोन-चार दिवस तोंड मिटून गेले. मग राहवेना. तोडक्यामोडक्या हिंदीत म्हटलं, सार, हे फूल काढा, नाहीतर झाड मरेल. तर एवढे डोळे केले त्यांनी! म्हणाले, ती गेल्यावर पहिल्यांदा फुललंय, आणि तुम्ही तोडायला सांगता? मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, मी तशीच वर आले. भाजी करपली माझी त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी जिना उतरते तर सार उभेच. म्हणाले, तुम्ही तोडा, माझ्या हातानं होत नाही. मग मी एकेक तुरा खुडला, ते समोर हात मागे बांधून उभे, जसं काही डॉक्टर घरातल्या माणसाला तपासतोय. महिन्याभरात झाडं अशी भरली म्हणता! मग एक दिवस आमच्या दाराशी ही हॉर्लिक्सची बाटली, आत तीन शेंडे. ना चिठ्ठी, ना चपाटी. घंटाही वाजवली नव्हती.

मग ते चालूच राहिलं. मी ह्या रंगाचे शेंडे खाली न्यायचे, ते त्या रंगाचे वर पाठवायचे. बोलणं म्हणाल तर काय — माझं तमिळ असं, त्यांचं हिंदी तसं, मधे इंग्रजीचे दगड टाकून नाला ओलांडायचा. पण झाडांना किती शब्द लागतात? पाणी, ऊन, कीड. पिठ्या पडला होता एकदा, पांढरा कापसासारखा, तर दोघांनी बसून एकेक पान साबणाच्या पाण्यानं पुसलं होतं. सगळी सकाळ गेली. मला तर बरं वाटलं हो, इतकी बरी सकाळ मला — असो.

ताप आधी त्यांना आला. दूधवाल्यानं सांगितलं, सार दार उघडत नाहीत. मी गेले, हाका मारल्या, तर भिंत धरत धरत आले आणि दारातच बसले. एकटा माणूस, मुलगी मीनाक्षी कोइमतूरला. मी मऊ भात केला, वर मेतकूट आणि तुपाची धार. त्यांनी कधी मेतकूट पाहिलं नव्हतं. पहिला घास घेतला आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, आमच्याकडे आजाऱ्याला देतात. म्हणाले, मग मी लवकर बरा होणार नाही. त्या तापातसुद्धा! आणि तेव्हाच, तसेच भिंतीला टेकून, म्हणाले, एवढी वर्षं तुम्हाला अमोघ अम्मा म्हणतो, तुमचं नाव काय? माझं नाव! विचारतं कोण हो? हे मला 'अगं' म्हणायचे, मुलगा आई, वाणी मामी. सांगितलं, अलकनंदा. तर डोळे मिटून म्हणाले, ती नदी आहे. बद्रीनाथला गेलो होतो, त्या पाण्यात पाय घातला, इतकं गार की ओरडलो. आणि हसले. त्यानंतर अमोघ अम्मा नाही. अलकनंदाजी. ते 'जी' हिंदी सिनेमातून उचललं असणार, पण — हसताय तुम्ही. हसा. मीही हसले होते.

मग मला ताप आला. तुम्ही बघितलंच असेल लोकांचं, कुशीवर वळायचं तरी माणूस रडतं. सुनेनं रजा काढली दोन दिवस, तिसऱ्या दिवशी तिला जावंच लागलं, तिचाही इलाज नव्हता. मी एकटी पडलेली, आणि घंटा वाजली. मला उठून दारापर्यंत जायला किती वेळ लागला असेल ते देवाला माहीत. उघडते तर सार, हातात निलवेंबूच्या कषायमचा थर्मास. त्यांचेही पाय सुजलेले होते हो! एका पायरीवर बसायचं, थांबायचं, मग पुढच्या पायरीवर बसायचं, असे बसत बसत वर आले होते. लहान मूल चढतं तसे. तो कडू काढा मी प्याले, आणि मला रडू आलं, सांध्यांमुळं आलं, दुसरं काही नाही. मग रोज यायला लागले. दुपारी. आम्ही इथेच बसायचो, हे आता तुम्ही बसलात तिथे ते. मला वाकता येत नव्हतं, तर कुंडीतली वाळकी पानं काढायचे.

एक दिवस अमोघ लवकर आला. डोकं दुखत होतं त्याचं. किल्ली फिरवून आत आला, आणि आम्ही दोघं इथे. पानं काढत होते ते. एवढंच. पानं काढत होते. म्हणजे... तेल चोळत होते. कोमट तिळाचं तेल, बोटांना. बरं, हात धरला होता. तेल चोळायचं म्हणजे हात धरावाच लागतो ना? माझी बोटं अशी मुठीसारखी आवळून बसली होती, ते एकेक बोट सरळ करत होते, आणि त्यांची स्वतःची बोटं तरी कुठे सरळ होती! आणि मी — मी काही हात ओढून घेतला नाही, हे खरं. आणखी काय सांगू तुम्हाला.

अमोघ? हॅलो अंकल म्हणाला, बूट काढले, आत गेला. बोलली ती ऋजुता, रात्री भांडी लावताना, माझ्याकडे न बघता. आई, आम्हाला काही नाही हो, पण लोक बघतात, ऊर्मी मोठी होतेय. मी म्हटलं, बरं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी यायला एक बाई ठेवली त्यांनी, माझ्या सोबतीला म्हणून. ती टीव्ही बघते. बघा, आत्ताही बघतेय. मग मी खाली जायला लागले, सकाळी, देवळात जाते सांगून. देवळात जातेच! येताना जाते खाली. त्यांची बोटं अजून मिटत नाहीत, दाढीसुद्धा न्हाव्याकडून करून घेतात, तुरे कोण खुडणार? मग अमोघ बाटल्यांच्या मागे लागला. आई, डास होतात, टाकून दे. मी म्हटलं, मी पाणी बदलते. आई, सुपरमार्केटात प्लास्टिकची मिळतात, अगदी खरी वाटतात, पाणीच लागत नाही. प्लास्टिकची! त्याचं वाईट नाही हो मनात. लहानपणापासून तसाच आहे, जे डोळ्यांना खुपतं ते डोळ्यांसमोरून हलवायचं, की सुटला प्रश्न.

दमले मी, एकोजीराव. सांध्यांनी दमले असं सगळ्यांना सांगते, ते खरंच आहे. पण स्वतःच्याच घरात पायऱ्या मोजल्यासारखं चालायचं, कुठून आलात विचारायच्या आत सांगायचं, ह्यानं माणूस जास्त दमतं. आणि आता तर तोही प्रश्न मिटतोय. रविवारी मीनाक्षी येतेय, वडिलांना कोइमतूरला न्यायला. गुणी मुलगी आहे. मागे आली होती तेव्हा माझे दोन्ही हात धरून म्हणाली, आँटी, तुम्ही येता म्हणून अप्पा जेवतात. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं, तिरकं असं काही. काल सकाळी सारांनी मला विचारलं. तुरे खुडत होते मी. म्हणाले, अलकनंदाजी, मला जायचं नाही. लग्नबिग्न म्हणत नाही, ह्या वयात कशाला हसं. सकाळी कॉफी टाकताना दोघांची टाकावी, एवढंच. तुम्ही थांबा म्हणालात तर मीनाक्षीला मी सांगतो. नाही म्हणालात तर जातो. मी काय म्हणाले असेन? बघू म्हणाले. बघू! बाजारात भाजी महाग वाटली की म्हणतात तसं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि सकाळी ठरवलं, जा म्हणायचं. त्यांची मुलगी त्यांना सांभाळेल, माझा मुलगा मला सांभाळतोय, आणखी काय हवं असतं माणसाला? लोकांच्या तोंडचा विषय व्हायचं, मुलाला खाली बघायला लावायचं, हे काही शोभत नाही. म्हटलं, आज जाऊन सांगते. तेवढ्यात तुम्ही आलात, वादिराजांच्या कृपेनं.

काय? वादिराज नाही? मग कोण? अहो, सांगा की, मी काही भांडायला जात नाही कुणाशी, ह्या गुडघ्यांनी कुठे जाणार? अमोघ सार? अहो, तो तर माझा मुलगा. का?

त्यानं?

आमच्याच घरचा पत्ता देऊन?

थांबा, नीट सांगा. मला ऐकू येतं, नीट सांगा. आई ऐकत नाही, तुम्ही येऊन सक्तीनं काढून टाका. असं म्हणाला? आणि खालच्याही? गुरुमूर्ती सारांच्याही कुंड्या काढायला सांगितल्या त्यानं? आधी त्यांच्याकडेच जा म्हणाला.

नाही, मी बरी आहे. पाणी नको. तुमची काय चूक, तुम्ही तुमचं काम करताय. आणि तुम्ही तर आधी बघून, मग सांगताय, तुम्ही भला माणूस आहात. खालच्या कुंड्यांत सापडलं काही? नाही ना. मला माहीत होतं. मी पुसते त्या.

हे घ्या तुमची बॅटरी, इथेच राहत होती. उठते मी. नाही, हात नको, कठड्याला धरून उठते, सवय आहे. चपला तेवढ्या पायाशी सरकवाल का? वाकवत नाही. जिन्यानंच जायचंय, तुम्ही व्हा पुढे, मला वेळ लागतो. एक सांगा फक्त. तमिळमध्ये 'जाऊ नका' कसं म्हणतात? 'पोगादे' येतं मला, ते शेजारच्या कुत्र्याला म्हणतात. आदरानं कसं म्हणायचं? मोठ्या माणसाला? पोगा — पुन्हा सांगा. पोगादींग. 'ग' वर थोडं लांबवायचं? पोगादींगऽ. बरोबर आलं?

बरं. या तुम्ही. दार ओढून घ्या.